चार हजार हर्ट्झ

फाईल उतरतेय. एकसष्ट ट्रॅक.
केमीत दुपारचे तीन, आणि बाहेर अंधार कधीच पडून गेलाय.
वाल्दिव्हियात सकाळ, ऐन उन्हाळा.
निबाल्दोनं लिहिलंय: रौनो, स्वच्छ करू नकोस.
चिखल हवा. पण त्या चिखलातला
प्रत्येक बेडूक वेगळा ऐकू आला पाहिजे.

कळतं मला. हीच तर मजुरी:
मिनिटाला दोनशे साठ ठोके, दोन पायांखाली दोन ढोल,
वर दोन गिटारी, तारा ढिल्या करून पार तळाला नेलेल्या,
सगळे एकाच बोळातून एकाच वेळी घुसणारे.
कुणाला म्हणायचं, जरा अंग चोर.
कुणाला म्हणायचं, तू आधी.
किंकाळी मधोमध.

किंकाळणारा एर्विन दातांचा डॉक्टर आहे.
प्रत्येक आरोळीआधी तो नाकानं सावकाश श्वास घेतो,
पेशंटला सांगत असेल तसाच.
आम्ही कधी भेटलो नाही.
त्याच्या श्वासाची लांबी मात्र मला पाठ आहे.

बावीस वर्षं मी कागदाच्या गिरणीत होतो. यंत्र क्रमांक चार.
गिरणी बंद झाली तेव्हा सगळ्यांना पैसे मिळाले,
मला वर एक भोकही मिळालं, दोन्ही कानांत,
चार हजार हर्ट्झच्या आसपास.
नर्सनं आलेख दाखवला: सरळ चाललेली रेघ,
मग एकदम दरी, मग पुन्हा वर.
बोलणं ऐकायला फारसा त्रास नाही होणार, म्हणाली.
मी विचारलं, आणि झांजा?
ती हसली. तिला वाटलं, विनोद.

तेव्हापासून त्या दरीत मी डोळ्यांनी उतरतो.
पडद्यावर हिरवा डोंगर थरथरतो, त्यावरून ओळखतो,
इथे काहीतरी आहे. असणार.
पण डोळा म्हणजे कान नव्हे. हात आपसूक वर सरकतो,
जिभेची चव गेलेला आचारी
मुठीनं मीठ टाकतो तसा.
पाच वर्षं बँडवाले म्हणत आले: तुझ्या झांजांत बर्फ आहे.
अस्सल उत्तरेचा आवाज.
मी मान डोलावली.
कौतुकावर कानाचा आलेख कोण दाखवतो?

चौथा मिक्स पाठवला.
निबाल्दो: सोळा आणे!
एर्विन: दाढ उपटल्यासारखं वाटलं. (ही त्याची दाद.)
तिसऱ्या दिवशी यास्ना. बास वाजवते,
दिवसा बालवाडीत शिकवते.
तिनं लिहिलं: झांजा टोचतात, रौनो.
तेवीस पोरं एकदम किंचाळली की जिथे दुखतं,
बरोबर तिथे.
आणि निबाल्दोला विचारू नकोस,
तो एकोणीस वर्षं करवतीच्या कारखान्यात आहे.

मी खुर्ची मागे सारली.
म्हणजे त्यानं जोरात मारल्या, कारण त्याला ऐकू येईनात.
मी वर घेतल्या, कारण मला येईनात.
दोन गिरण्यांनी मिळून वाजवलेल्या झांजा,
आणि मध्ये अख्खी पृथ्वी.

रविवारी तिला फोन लावला, फाईल तिच्या हेडफोनात सोडली.
अर्धा डेसिबल खाली.
अजून, ती म्हणाली.
अजून.
मला काही म्हणजे काही बदलत नव्हतं.
खिडकीबाहेर बर्फ काढणारी गाडी गेली,
तिच्या पात्याची घरघर तेवढी आली, खरखर नाही.
अजून थोडं.
प्राण कानात आणून बसलो होतो मी, तिच्या कानात.
थांब, ती म्हणाली. इथेच.

बोट उचललं.
त्या रात्री मास्टर केलं, मोठं, जमेल तितकं मोठं,
आणि पाठवून दिलं.

सकाळी निबाल्दोचा निरोप:
रौनो, माझ्या झांजा कुठे गेल्या?

आहेत, मी लिहिलं.
यास्नाला विचार.