दोन पिना

सावद्याला, केळी गटाच्या कचेरीत,
मे महिना भिंतीला पाठ टेकून बसलेला.
तोताराम फेगडे म्हणाले, "भाऊ,
हे आपोआप मरू राह्यलं
अन् आपोआप जितं होऊ राह्यलं.
सकाळपासून अकरा डाव."

संगणक बँकेनं टाकून दिलेला,
जन्माचा पांढरा, आता जुन्या दाताच्या रंगाचा.
समोर दोन बटणं.
मोठं, वीज देणारं, वीज काढून घेणारं.
त्याखाली करंगळीच्या नखाएवढं दुसरं,
त्याच्यावर चॉकलेटी डाग.
केळीचा चीक.
कपडा फाटतो, हा डाग फाटत नाही.

"हे किती वेळा दाबता?"
"अडलं की."
"आणि अडतं किती वेळा?"
ते खिडकीबाहेर पाहू लागले.
तिथे ट्रकात पानं अंथरून
घड रचत होते, बाळंतिणीला निजवावं तसे.

मी झाकण काढलं.
धूळ, पालीच्या अंड्याचं टरफल, एक हरवलेली पावती.
लहान बटणामागून दोन बारीक तारा निघतात,
एक पांढरी, एक निळी,
आणि बोर्डावरच्या दोन पिनांवर जाऊन बसतात.
एवढंच आहे सगळं.
दाबलं की पिना एकमेकींना भेटतात,
ताण शून्यावर येतो,
आणि प्रोसेसर हातातलं सगळं टाकून
उभा राहतो, अंगठे धरायला लावलेल्या पोरासारखा.
सोडलं की पहिल्या पत्त्यापासून पुन्हा.
वीज जात नाही. पंखा थांबत नाही.
डिस्क फिरतच असते, तिला कोणी कळवत नाही.
जे चाललं होतं, तेवढंच जातं.

फेगड्यांना मी असं सांगितलं:
समजा मोजता मोजता मापाड्याला कोणी टपली मारली,
काटा तिथेच, घड तिथेच,
मोजणी मात्र एकपासून.
ते म्हणाले, "आमच्या मापाड्याला टपली मारली
तर तो पुढचा आकडा सांगतो."

दोन तारांची टोपी चिमटीनं उपसली.
मशीन चालू केलं. एक बीप.
एकच बीप म्हणजे घरी सगळे बरे.
चहा आला, कपाला साय धरली,
स्टेशनकडून मालगाडी गेली, टेबल थरथरलं,
पडदा हलला नाही.
मग स्क्रूड्रायव्हरचं टोक उघड्या पिनांना
निमिषभर टेकवलं:
अंधार, बीप, पुन्हा पहिलं पान.
म्हणजे बोर्ड शहाणा होता.
चीक आत उतरून बटण अर्धवट बसलेलं,
बाहेर ट्रकनं गिअर टाकला
की आतले दोन पत्रे एकमेकांना शिवत.

नवं बटण भुसावळला मिळालं असतं, वीस रुपयांना.
मी तारा गुंडाळल्या, वर रबर चढवलं,
झाकणाआड ठेवून दिल्या.
विसरलो नाही. ठेवून दिल्या.
अकरा डावांतले किती त्या पत्र्यांचे
आणि किती फेगड्यांच्या बोटाचे,
ते मी विचारलं नाही.

पुढच्या हंगामात गेलो, प्रिंटरसाठी.
"तुम्ही हात लावला तेव्हापासून
बटण गुणी झालं," फेगडे म्हणाले.
"आधी दाबलं की सगळं पुसून टाकायचं.
बावन्न पावत्या गेल्या होत्या एका दुपारी.
आता दाबायचं अन् थोडं थांबायचं.
लगेच नाही येत. पण येतं."

डाग आणखी गडद झाला होता.

सांगायचं माझ्या जिभेवर आलंच होतं,
तेवढ्यात पडदा गोठला,
रावेरच्या कुणा वारक्यांच्या नावावर, अर्ध्या आकड्यात.
फेगड्यांनी बटण दाबलं,
हात मांडीवर ठेवला.
मीही प्रिंटर सोडून बसलो.
बाहेर मापाडी बावीस म्हणाला, मग तेवीस,
कोणीतरी त्याला शिवी दिली.
डिस्क आत कुरकुरत काहीतरी शोधत होती.

चौथ्या मिनिटाला आकडा पुरा झाला.

फेगड्यांनी माझ्याकडे पाहिलं.
"पाह्यलं?"