गुण्या

परिपत्रक आलं त्या दिवशी मुख्याध्यापिका रजेवर,
आणि शेवटचा तास माझा, भूगोलाचा.
म्हणून नववी-दहावीचं करिअर मार्गदर्शन
माझ्या नावावर पडलं.
मला काय ठाऊक?
दख्खनचं पठार, खारे वारे, मतलई वारे,
आणि बी.एड.चा तो एकच रस्ता, ज्यावरून मी आले.

कोरे कागद वाटले: मोठेपणी कोण होणार?
बावीस पोलीस, अकरा डॉक्टर.
सात जणांनी लिहिलं 'कॉम्प्युटर', एवढंच,
जणू ते स्वतःच कॉम्प्युटर होणार होते.
मुसद्दिक शेखने लिहिलं, 'तुम्ही सांगाल ते.'
उत्कर्षा तांबेचा कागद कोरा.
उलटून पाहिला तर मागे
वर्गातला बंद पडलेला पंखा, पेन्सिलीने,
स्क्रूसकट.

भांडुपच्या टेकडीवरून चाळीस पोरं खाली उतरवली,
बेस्टच्या दोन बसमध्ये कोंबली,
आयटीआयच्या फाटकात मोजली. एकोणचाळीस.
चाळिसावा वडापावच्या गाडीशी सापडला.

फिटरच्या शेडमध्ये धुरी नावाचे निदेशक.
त्यांनी भाषण केलं नाही.
लोखंडाचा तुकडा शेगड्यात आवळला,
कानस पुढे केली: कोण घासतंय?
मुलगे धावले. जोर लावून पुढे-मागे, पुढे-मागे.
"खोबरं खवताय काय रे?
जाताना कापायचं, येताना नुसतं उचलायचं."

उत्कर्षा सगळ्यात शेवटी आली.
तिने ओढणी गाठ मारून मागे टाकली
(हे कुणी सांगितलं नव्हतं)
आणि घासत राहिली. आम्ही वायरमनची शेड बघून आलो,
एसी दुरुस्तीची बघून आलो,
ती तिथेच.

धुरींनी तुकड्याला गुण्या लावला,
खिडकीकडे धरला, मला म्हणाले,
"बाई, बघा, फटीतून उजेड दिसतोय?"
मी डोळा बारीक केला. ओशाळून म्हटलं, नाही हो.
"मग झालं की! दिसायला नकोच असतो."
एकोणीस वर्षं गुण देतेय मी,
गुण्या पहिल्यांदा पाहत होते.

तिची आई घरी बांगड्यांना खडे चिकटवते, ग्रोसच्या भावाने.
मी पत्रकं पसरली: दोन वर्षं, मग शिकाऊ उमेदवारी,
पुढे वाटलं तर डिप्लोमा, थेट दुसऱ्या वर्षाला.
खडे चिकटवता चिकटवताच तिने ऐकलं.
एकच विचारलं:
"तिथं बायकांचा संडास आहे का?"

माझ्याकडे पात्रता होती, फी होती,
गेल्या वर्षीचा कटऑफ होता.
हे नव्हतं.

धुरींना फोन केला. ते जरा वेळ गप्प.
"आहे. पण त्याचं स्टोअर झालंय.
चार वर्षांत मुलगीच नाही आली या शेडला."

मी अर्ज लिहिला. मग दुसरा.
तिसऱ्या वेळी अर्जाऐवजी स्वतः गेले,
शनिवारी, उत्कर्षाच्या आईला घेऊन.
तिने झाडू आणला होता, मला न विचारता.
कुलूप निघालं. तुटके स्टूल, रंगाचे डबे,
गुंडाळलेला एक फलक, 'मुलगी शिकली, प्रगती झाली',
सगळं बाहेर काढलं.
नळ आधी खोकला, मग गंजकं तांबडं पाणी,
मग बऱ्याच वेळाने, पाणी.
तिने ओंजळीत घेतलं, वास घेतला,
कडी तीनदा लावून पाहिली, आतून.
"भरा फॉर्म," म्हणाली.

शाळेतला पंखा अजून बंदच आहे.
उत्कर्षा म्हणते, कपॅसिटर गेलाय, साठ रुपये.
उद्या देते.

आणि मुसद्दिकचा तो कागद अजून माझ्या खणात.
काल त्याला बाकावर शेजारी बसवून म्हटलं,
मी नाही रे सांगणार. तू सांग,
कुठलं काम करताना जेवायचं विसरतोस?
तो बराच वेळ नखाने बाकाची साल काढत राहिला.
शिपाई दिवे मालवत जवळ येत होता.
मी त्याला खूण केली:
इथला राहू दे.