फाळका

पत्र आलं ते रजिस्टर पोस्टानं.
पोस्टमननं सही घेतली, पेन माझंच.
'आदरणीय ग्राहक' –
तीन वर्षं हप्ते भरले तेव्हा कोणी आदर केला नव्हता,
एक चुकला तर माझगावच्या गल्लीत येऊन
नावानिशी हाका मारल्या होत्या.

आत लिहिलंय,
ठरावीक काळात बनलेल्या काही पिकअप वाहनांत
मागच्या फाळक्याची खिटी
'विशिष्ट परिस्थितीत' आपोआप सुटण्याची 'शक्यता' आढळली आहे.
विनामूल्य बदलून देऊ. गैरसोयीबद्दल दिलगीर.
खाली चासी नंबर. माझाच.
आरसीवर बोट ठेवून दोनदा जुळवला,
लॉटरीचं तिकीट जुळवावं तसा.

विशिष्ट परिस्थिती मला माहीत आहे.
पहाटेचे पावणेचार, रे रोडचा पूल उतरताना,
भाऊच्या धक्क्याला चाललेल्या बर्फाच्या बावीस लाद्या.
आधी एक आवाज, डब्याचं झाकण पडावं तेवढाच.
मग आरशात काहीतरी पांढरं,
एकामागून एक, घाई न करता
गाडीतून उतरत चाललेलं.

नवसू मागेच बसला होता, गोणपाटावर.
फाळका धरायला गेला.
बर्फानं त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं नेली.

मी उतरलो आणि पहिलं काय बोललो, तर
"खिटी लावली नव्हतीस ना?"
"लावली होती, शेट."
"मग काय गाडी खोटं बोलते?"

सर्व्हिस सेंटरवाल्यानं फोटो मागितले.
तोवर साडेदहा वाजले होते.
पुरावा गटारातून केव्हाच खाडीला लागला होता.

खरं तर त्याच्या आधी महिनाभर
तो फाळक्याला दोरी बांधायचा,
जाळ्यातली निळी नायलॉनची, तिढा घातलेली.
"खिटी हलते, शेट. आवाज बदललाय तिचा."
मीच सोडायला लावली.
नवी कोरी गाडी, भंगारवाल्याची दिसते म्हणून.

लाद्यांचे पैसे मी त्याच्या पगारातून कापले.
सहा हप्त्यांत.
चौथ्या हप्त्याला तो आलाच नाही.

काल भांडुपच्या वर्कशॉपला गेलो.
गेटपासून पार मेन रोडपर्यंत पिकअपची रांग,
आणि प्रत्येकीच्या फाळक्याला काही ना काही बांधलेलं:
सायकलची ट्यूब, बायंडिंगची तार,
कोणाची जुनी ओढणी, टिकल्या अजून शाबूत,
एकाला तर घोड्याचा लगाम.
फक्त माझीच मोकळी.
मागून बघितलं तर अगदी
जाहिरातीतल्यासारखी.

आत एसी, कागदी कपात चहा,
आवाज बंद केलेली मॅच.
फॉर्मवर एक ओळ होती, 'झालेले नुकसान (असल्यास)'.
मी लिहिलं, बर्फ.
खोडलं. लिहिलं, नवसू,
आणि आडनाव आठवेना.
दोन वर्षं माझ्या डब्यातलं सुकट खाल्लं त्यानं.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, रिकामी सोडली तरी चालते.

चाळीस मिनिटांत काम झालं.
मेकॅनिकच्या तळव्यावर जुनी खिटी होती,
जेमतेम दोन बोटांएवढी.
मागितली तर म्हणाला, नाही देता येत,
मोजून परत जातात कंपनीला.

रात्री फोन लावला.
नंबर तोच होता, मला वाटलं बदलला असेल.
"कोण?"
मागे दुसऱ्या कुठल्या टेम्पोचा रिव्हर्सचा पों पों.
पत्र समोर धरलं होतं,
वाचून दाखवायचं, निदान 'दिलगीर'पर्यंत.
तोंडातून निघालं,
"ती गाठ कशी मारायचास रे?"

बराच वेळ नुसतं पों पों.
मग म्हणाला,
"सांगून नाय येत ती. दोरी हाय का हाताशी?"

नव्हती.
पण मी हो म्हणालो,
आणि लुंगीची नाडी शोधायला उठलो.