हातचा

एत्से अमेनुवोर मास्तरांनी मला पाचवीत
तीन वेळा नापास केलं, तिन्ही वेळा बेरजेत.
"हातचा कुठे गेला?" ते विचारायचे,
आणि मी खरंच बाकाखाली बघायचो.

समुद्र तेव्हा नारळांच्या पलीकडे होता.
मग नारळ गेले. मग मासे वाळवायची जागा,
मग चर्चची मागची भिंत, घंटेसकट.
ज्या सकाळी दुसरीचा वर्ग पाण्यात बसला
त्या सकाळी मास्तर हजेरीचं पुस्तक काखेत मारून
सायकलवरून जिल्ह्याला गेले
आणि साहेबांसमोर उभं राहून पट वाचू लागले:
अफी, हजर.
सेनायो, हजर.
दुसरीची खोली, गैरहजर.

त्या वर्षी ते निवडून आले.
धुरावलेले मासे विकता विकता
झिग्बोडी मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची,
"याला मत दे, हा उसनी पेन्सिलसुद्धा परत करतो."

आठ वर्षं सभासद.
कोट एकच, कोपरावर खडू.
ठराव हाती आला की आधी लाल शाईने शुद्धलेखन तपासायचे,
त्यामुळे ठराव लांबत गेले आणि मित्र कमी झाले.
दगडी बांध आला तो आला.
शाळेच्या अलीकडे अकरा पावलांवर थांबला,
पैसे संपले म्हणे.
मास्तर रोज संध्याकाळी ती अकरा पावलं मोजायचे,
जणू एखाद्या दिवशी दहाच भरतील.
लोक बांधावर बसून त्यांनाच शिव्या घालायचे,
बसायला जागा त्यांनीच तर करून दिली होती.

तिसऱ्या निवडणुकीची मोजणी शाळेतच झाली.
कंदील दोन, फळा एक,
जुन्या सेलमधला कोळसा आणि कसाव्याची पानं वाटून
मास्तरांनीच काळा केलेला.
आकडे लिहायला मी; गावात अक्षर माझं बरं.
मास्तरांना तीनशे एकोणऐंशी.
बर्फवाल्या कोजोव्ही क्पोडोच्या दोन पेट्या:
दोनशे अठ्ठेचाळीस, एकशे सदतीस.
आठ नि सात पंधरा, पाच लिहिले.
चार नि तीन सात.
दोन नि एक तीन.
"तीनशे पंच्याहत्तर," म्हणालो, आणि खडू ठेवला.
बाहेर ढोल सुरू झाला.

मास्तर शेवटच्या बाकावरून उठले.
गुडघे वाजले, ते सगळ्यांनी ऐकलं.
फळ्यापाशी आले, अंगठ्याने सात पुसला,
तिथे आठ काढला,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
"हातचा."

सहा मतांनी पडले.
ढोल थांबला, मग दुसऱ्या गल्लीत सुरू झाला.

आता बांधाच्या टोकाशी मुलांना फुकट शिकवतात,
समुद्राकडे पाठ करून.
परवा मी त्या बाजूने जात होतो, तर हाक मारली.
इकडचं तिकडचं बोलले, बोटीच्या रंगाचं, माझ्या मुलीचं,
मग खडू खिशात टाकत, हळूच:
"त्या रात्री हातचा विसरला होतास,
की राखून ठेवला होतास?"

मी खाली बघितलं.
बाक नव्हता. वाळू होती.