परसदार

फाटकाशी हिरवा गोल रंगवलाय : सोपी वाट.
साडेसहा मैल, फिरून परत इथंच, चढ बेताचा.
शेजारी खुळखुळ्या सापाची पाटी.
ती जास्त ठळक.

गुडघ्याचा डॉक्टर म्हणाला, चालत जा.
म्हटलं, एकतीस वर्षं चाललेच की,
खांद्याला टपालाची झोळी, याच टेकडीवरच्या गल्ल्यांतून.
आता बसून जाईन.
म्हणून ही सायकल, जाड टायरांची,
भाचीच्या गराजमधून आणलेली.
हिच्या ब्रेकला किंचाळायची सवय आहे.

उतार सुरू झाला की शहर डोक्यावर राहतं.
पाचव्या मिनिटाला हायवेचा आवाज पातळ होतो,
सेजची झुडपं पायांना घासून जातात
आणि मोज्यांना तो वास चिकटतो, कडसर, औषधी,
दुपारपर्यंत सुटत नाही.
मग वाळू. वाळूत हँडल स्वतःच्या मनाचं होतं.
मागून एन्रिकेटा ओरडते,
"नेल्डा, चाकाकडे बघू नकोस!
जायचंय तिकडे बघ!"
ती बहात्तर वर्षांची आहे, आणि अजून एकदाही पडलेली नाही.
ऐकावं लागतं.

वर, दोन्ही कडांना, घरं.
इथं माझी गोची होते.
सगळी पाठ आहेत मला, पण पुढून.
पेटीचा रंग, पायऱ्या किती,
कोर्टाची पाकिटं कुणाला, बियाण्यांचे कॅटलॉग कुणाला.
परसदारं मात्र बघितलीच नव्हती कधी.
ओळखायची कशी?
दोरीवर नौदलाचे गणवेश : बाकुंगान.
कोरडा पोहण्याचा तलाव, त्यात टोमॅटोच्या कुंड्या :
हे कोण, अजून लागत नाही.
आणि लिंडक्विस्ट,
ज्याच्या हिरवळीवर पान पडायला घाबरायचं,
त्याच्या मागे अर्धं होडकं उभं आहे,
समुद्र अकरा मैल लांब,
आणि तो उघड्या अंगानं फळी तासतोय, गातोय.
मी घंटी वाजवली नाही.
काही माणसांना मागून बघितलं
हे त्यांना कळू देऊ नये.

एका कुंपणामागचा कुत्रा मात्र फसत नाही.
तेव्हा पुढून भुंकायचा, आता मागून.
त्याच्या लेखी मी अजून नोकरीत आहे.

ओढ्यावर एकच फळी टाकलेली.
उतरले, ढकलत नेली. लाज कसली.
दोन पोरं "डावीकडून!" म्हणत पाण्यातूनच गेली,
चिखलाचे शिंतोडे माझ्या चष्म्यावर.

सिकॅमोरच्या मुळांत
कडांवरून घरंगळलेलं सगळं येऊन साठतं :
टेनिसचे चेंडू, एक बाहुलीचा पाय,
आणि आज, हवा गेलेला एक बास्केटबॉल,
उन्हानं जर्दाळूच्या रंगाचा झालेला.
उलटा केला तर काळ्या मार्करनं नाव : मारेक.

मारेक म्हणजे चव्वेचाळीसशे सतरा.
त्याच्या वसंतात
विद्यापीठांची तीन पातळ पाकिटं मी त्या पेटीत टाकली,
एकेक दिवसाआड,
आणि चौथं जाड आलं तेव्हा
नियमात नसताना बेल वाजवली.
आता तो दाढीवाला, दूर कुठंतरी पूल बांधतो.
आई तिथंच.

शेवटचा चढ पाटीवर बेताचा आहे.
पाटी लिहिणाऱ्याचे गुडघे नवे असावेत.
एन्रिकेटा वर पोचून संत्रं सोलत बसली,
मी चेंडू कॅरिअरला बांधून
धापा टाकत डांबरी रस्त्यावर आले,
आणि गाडीकडे न जाता
डावीकडे वळले, तिसरं घर,
चार पायऱ्या, हिरवी पेटी.

बिनतिकिटाचं काही पेटीत टाकायचं नसतं.
पायपुसण्यावर ठेवला,
नाव वर येईल असा.