हनोखचा दगड

रास्ता पेठेतून निघाले तेव्हा उजाडलंही नव्हतं.
पिशवीत दोन काकड्या, मिठाची पुडी,
गुडघ्याला पट्टा,
आणि रुमालात हनोखचा दगड.

डॉक्टर बिडवे म्हणाले होते,
जिने टाळा, लीहाबाई.
डोंगराचं ते काही बोलले नव्हते.

बेगडेवाडीला उतरले.
वैशाखातला घोराडेश्वर,
करपली बाजू वर करून ठेवलेल्या भाकरीसारखा.
वणव्यानं गवत नेलेलं,
खाली हमरस्त्यावर ट्रकांची रांग.

हनोख फोनवर सांगायचा,
वाळवंट म्हणजे वाळू नव्हे गं,
नुसता दगड, सोलून ठेवलेले डोंगर.
म्हणजे आपला मे महिना, मी म्हणायचे.
तो हसायचा,
मग बराच वेळ खोकायचा.

साठाव्या वर्षी सिनाय चढला तो,
रात्री दोनला, उंटवाल्यांना नको नको म्हणत,
शेवटच्या साडेसातशे पायऱ्या
बसत, उठत, मोजत.
वर काय होतं रे?
"थंडी. आणि चहाचा भाव ऐकवत नाही."
अरे, पण मोशे जिथं, मी म्हणू लागले,
तर म्हणाला,
"लीहा, तिथं सगळे आपापल्या भाषेत गप्प होते."

खाली मठ, किल्ल्यासारख्या भिंतीचा.
आत ते झुडूप,
जळलं आणि तरी उरलं म्हणतात ते.
शेजारच्या खोलीत जुन्या साधूंच्या कवट्या,
बटाट्यांसारख्या रचलेल्या.
ससूनमध्ये मी चौतीस वर्षं काढली,
तरी हे ऐकून पदर सावरला.

अर्ध्यावर बनाबाई ताक घेऊन बसली होती,
तांब्यावर ओलं फडकं.
"एकट्याच? नवस हाय व्हय?"
नाही, म्हटलं, भाऊ.
तिनं पुढं विचारलं नाही,
ग्लास काठोकाठ भरला.

वर लेणं.
पिंडीवर थेंब थेंब अभिषेक,
एक पोरगं घंटेला उड्या मारत होतं.
मी बाजूच्या विहारात शिरले.
एवढीशी खोली, एवढासा ओटा,
कातळातच कोरलेली निजायची जागा.
भिंतीवर कुणी बदामात नावं खरडलेली.
इथं निजलेल्यांची हाडं कुठंच नाहीत,
नुसता ओटा, पाठीला गार.

हो, आडवी झाले.
बघायला होतं कोण.
रुग्णाला कुशीवर वळवावं तसं
स्वतःला वळवलं, आणि तेव्हा कुठं रडले,
दिमोनातून फोन आला होता,
त्याच्या मातीला मी नव्हते,
त्याला तीन वर्षांनी.

मग दगड काढला.
पिवळट, तळहाताएवढा,
आत काळं झाडोऱ्यासारखं काही,
डहाळ्या अगदी मोजून घ्याव्यात अशा.
पाकिटात त्याची चिठ्ठी होती :
हे कुणी काढलेलं नाही. असंच असतं.
टपालवाल्यांनी फोडून पाहिलं होतं,
पुन्हा चिकटवलं होतं, तिरकं.

आपण कबरीवर फूल नाही, खडा ठेवतो.
त्याची कबर माझ्या गुडघ्यांच्या फार पलीकडे.
म्हणून ठरवून आले होते
की हा इथंच ठेवायचा,
डोंगराचा डोंगराला.

ठेवला. उठले. दारापर्यंत गेले.
परत येऊन उचलला.

त्या जागी पायाशी पडलेला
एक काळा खडा ठेवला,
जो कोण इथं निजायचा त्याच्यासाठी,
ज्याच्या घरी कुणी फोनही केला नसेल.

बाहेर पाण्याची पोढी, तळाला हिरवी.
वाकून पाहिलं तर
माझ्याऐवजी आभाळच जास्त दिसलं.

उतरताना गुडघा बोलायला लागला.
बनाबाईनं दगड हातात घेतला,
उन्हाकडे धरून उलटा सुलटा केला.
"झाड आतच ऱ्हायलं की वो," म्हणाली.
आणि माझे पाच रुपये
सुट्टे नाहीत म्हणून
पुढच्या खेपेवर ठेवले.