किल्ल्यांचा जुडगा

पाच धर्मग्राम, एक फादर,
आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला पाच किल्ल्या.
व्हेर्नोच्या चर्चची वीतभर लांब,
ती फिरवण्याआधी दार खांद्याने जरासं उचलावं लागतं.
लाशेतच्या घंटाघराची किल्ली मात्र जुडग्यात नाही.
ती त्यांनी कधी दिलीच नाही.

कागदावर आम्ही एक झालो त्याला अकरा वर्षं झाली.
बिशपांची सही, खाली शिक्का.
माणसं एक व्हायला वेळ लागतो,
आमच्या ज्युरातलं चीज मुरायला लागतो तसा,
आणि कधी कधी मुरतही नाही,
नुसतं वाळतं.

दर गुरुवारी मी पत्रक काढते.
दुमडलेला एकच कागद:
येत्या रविवारी मिस्सा कुठे,
कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचं मर्तिक,
फुलं कोण लावणार, सूप कोण करणार.
सुपावरून भांडणं होतात.
देवावरून, माझ्या आठवणीत, एकदाही नाही.

फादर कोमला टोगोचे.
कोमला म्हणजे मंगळवारी जन्मलेला,
हे त्यांनी आल्या दिवशीच सांगितलं, वर म्हणाले,
मंगळवारची मिस्सा चुकवू नका, ते माझं घरचं कार्य.
आधी तिघं यायची, आता आठ येतात.
गाडीच्या चाकांना साखळ्या कशा बांधायच्या
हे त्यांना ओदिलॉनने शिकवलं.
गाण्यात टाळी कुठे द्यायची
हे त्यांनी ओदिलॉनला.
ओदिलॉनला अजून जमत नाही.

व्हेर्नो आणि लाशेत यांचं वाकडं आहे, घंटेवरून.
आजोबांच्या काळात लाशेतच्या घंटेला तडा गेला,
व्हेर्नोने आपली धाकटी घंटा पाठवली.
लाशेत म्हणतं, दान.
व्हेर्नो म्हणतं, उसनी.
दोन्हीकडची पोरं एकाच बसने शाळेत जातात,
एकमेकांशी लग्नंही लावतात,
पण घंटेचं नाव निघालं
की जेवणाच्या टेबलावर फक्त काटे-सुऱ्या ऐकू येतात.

यंदा मेणबत्त्यांचा सण लाशेतला होता.
पत्रकात मीच छापलं होतं, त्यामुळे व्हेर्नोची माणसं आली
आणि डावीकडच्या बाकांवर बसली,
कोट न काढता.
पाच वाजता बर्फ आडवं पडायला लागलं.
साडेपाचला वीज गेली.
सहा वाजले तरी फादरांचा पत्ता नाही.
खिंडीत फोन लागत नाही, आणि अशा बर्फात
आपला हातही आपल्याला दिसत नाही.

मग थेओफान उठला.
वय चौऱ्याऐंशी, व्हेर्नोचा,
घंटा पाठवणाऱ्याचा नातू.
सरळ सिडोनीपुढे जाऊन उभा राहिला, हात पसरून.
तोंडाने काही नाही.
सिडोनीने त्याच्याकडे पाहिलं,
छताकडे पाहिलं,
मग एप्रनच्या खिशातून किल्ली काढली.

तासभर घंटा वाजत होती.
थेओफानचे हात सोलवटले तेव्हा दोर सिडोनीच्या मुलाने धरला,
मग ओदिलॉनने, त्याच्या नेहमीच्या चुकलेल्या ठेक्यात,
मग ज्याला धरवला त्याने.
आम्ही खाली पेटत्या मेणबत्त्या घेऊन बसलो होतो,
मेण हातमोज्यांवर गळत होतं,
प्रार्थना कुणी सुरू केली नाही.
तीच चालली होती, मला वाटतं.

फादर पायी आले, मांडीपर्यंत पांढरे.
म्हणाले, गाडी खड्ड्यात आहे,
मी आवाजाच्या मागे चालत आलो.
मग बूट काढले
आणि सिडोनीच्या लोकरी मोज्यांत उभं राहून मिस्सा सांगितली.

गुरुवारी थेओफान दारात:
छाप, व्हेर्नोच्या घंटेने फादरांना वाट दाखवली.
पाठोपाठ सिडोनीचा फोन:
छाप, लाशेतच्या घंटेने.
मी छापलं, घंटेने.
दोन्ही गावांतून तक्रार आली.

सोमवारी टपालपेटीत एक पाकीट होतं, नाव नसलेलं.
आत एक किल्ली, नुकतंच तेल दिलेली.
कुणाची, ते मी विचारलं नाही.
खिळा जरा ठोकून पक्का केला.

येत्या रविवारी मिस्सा ब्रेझोला, साडेदहा वाजता.
फुलं: लाशेत.
सूप: अजून ठरायचं आहे.